नदी तीच आहे, तळ तो राहिला नाही

(जिल्हा मेळाव्याच्या सकाळच्या सत्रात वर्धा नदीकाठच्या गावांतील कार्यकर्त्यांच्या वतीने झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज आपण इथे जमलो ते कापसाच्या आणि ज्वारीच्या भावासाठी. तो विषय दुपारच्या सत्रात आहे आणि तो सोडून कोणी घरी जाणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याआधीचा अर्धा तास आम्ही, वर्धा नदीच्या काठावरच्या चार-पाच गावांतल्या कार्यकर्त्यांनी, मागून घेतला. विषय आहे नदीत पोहण्याचा. पत्रिकेवर तो वाचून काही जण हसले. एक जण म्हणाला, "कापूस बुडाला, कास्तकार बुडाला, आता पोहाले शिकवता का?" हसण्यासारखीच गोष्ट आहे. तीन वर्षांपूर्वी आम्हीही हसलो असतो.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. पऱ्हाट्या उपटून झालेल्या, वावर उन्हात तापत पडलेले, शाळेला सुट्टी. आमच्या गावची चार पोरे दुपारी ढोरे पाण्यावर घेऊन गेली. नदी उन्हाळ्यातली. धार जवळजवळ आटलेली, मध्ये डोह साचलेला. पाणी इतके शांत की वर पडलेले पान जागचे हलत नव्हते. त्या जागी आम्ही लहानपणी पोहलो, आमचे बाप पोहले. कमरेइतके पाणी आणि खाली स्वच्छ रेती, हे सगळ्या गावाला पाठ होते. चौदा वर्षांचा एक पोरगा त्या कमरेइतक्या पाण्यात उभा होता. दोन पावले पुढे गेला आणि दिसेनासा झाला. दुसरा त्याला धरायला गेला. या दुसऱ्याला पोहता येत होते. विहिरीत उड्या मारणारा पोरगा होता तो. तोही वर आला नाही. तिसरा गावाकडे पळाला. चौथा काठावर उभा होता. त्याच्या हातात बैलाचा कासरा होता.

तो कासरा पुरला असता. नंतर आम्ही मोजून पाहिले. खड्डा काठापासून अकरा हातांवर, कासरा बारा हातांचा. पण कासरा फेकायचा असतो, हे त्या पोराला कोणी सांगितले नव्हते. आम्हीच सांगितले नव्हते. म्हणून हा अर्धा तास.

तो खड्डा कोणी खणला?

तो खड्डा नदीने केलेला नव्हता. आदल्या हिवाळ्यात तिथून रेती उचलली गेली. नदीने केलेला डोह उतरता असतो. पाय टाकला की कळते, पाणी मांडीला लागते, मग कमरेला, मग छातीला. यंत्राने खणलेल्या खड्ड्याची कड उभी असते. एक पाऊल कमरेइतक्या पाण्यात, दुसरे पाऊल दोन पुरुष पाण्यात. कडेची रेतीही भुसभुशीत असते. बुडणारा तिला धरायला जातो तेव्हा ती त्याच्यासकट खाली येते.

रेती उचलणारे मोठे ठेकेदार कोण, त्यांना कोणाचा आशीर्वाद, यावर आपण बरेच बोलतो. ते बोलणे खोटे नाही. पण आज इथे आपलीच माणसे आहेत, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. त्या हिवाळ्यात नदीत उतरलेल्या ट्रॅक्टरांपैकी दोन आमच्याच गावचे होते. आमच्या सभांना येणाऱ्या माणसांचे. कापसात पैसा उरला नाही, ट्रॅक्टरचा हप्ता थकला, रात्रीच्या चार खेपांत हप्त्याची सोय होते, असा तो हिशेब. आम्हाला तो हिशेब समजतो. पण त्याच हिशेबाच्या खड्ड्यात आमच्या गावची दोन पोरे गेली. दोष दुसऱ्याचा असला की मोठ्याने बोलायचे आणि आपला असला की खाली पाहायचे, हे आम्हाला करायचे नाही.

दुसरी गोष्ट धरणाची. वर्धा नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावते. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला तिच्यावर ऊर्ध्व वर्धा धरण आहे, खाली आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा. पूर्वी दर पावसाळ्यात नदी वरून रेती आणायची आणि गेल्या वर्षीचे खड्डे बुजवायची. आता वरून येणारी बरीचशी रेती धरणाच्या जलाशयातच बसते. खालून उपसा चालू, वरून भरणा कमी. म्हणून आजचा खड्डा पुढच्या वर्षी आपोआप भरेल, हा भरवसा गेला. आणि पाऊस मुलताईला पडतो, दारे धरणावर उघडतात, तेव्हा आपल्या गावात लख्ख ऊन असते. काठावरच्या माणसाला आभाळ पाहून नदीचा अंदाज येत असे, ते दिवसही गेले.

आपल्या म्हाताऱ्यांना नदी पाठ होती. त्यांनी सांगितलेले खोटे नव्हते. पण ते ज्या नदीबद्दल सांगत होते, ती आज तिथे नाही. नदी तीच आहे, तळ तो राहिला नाही. आजच्या भाषणातले हे एक वाक्य घरी नेले तरी आम्हाला पुरे.

मनाईचा फलक

पोरे गेल्यावर आठ दिवसांनी घाटावर फलक लागला. पोहण्यास सक्त मनाई. पुढच्या पोळ्याला त्या फलकाच्या खांबाला बैल बांधलेला आम्ही पाहिला. बैल धुवायला माणसे नदीतच उतरली होती.

नदीवर जाऊ नका, असे सांगणे सोपे आहे. मे महिन्यात ४५ अंश तापते, घरात वीज नसते, तेव्हा पोर पाण्याकडे जाणारच. ज्याचे वावर नदीपलीकडे, त्याला वर्षभर नदी ओलांडावीच लागते. बायांना धुणे धुवायला जावेच लागते. पोळ्याला बैल, गणपतीला विसर्जन, घरात कोणी गेले तर दशक्रिया. नदीशिवाय आपला एक महिना जात नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये वरूड तालुक्यात झुंजजवळ याच वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा माणसे गेली. ती माणसे पोहायला गेलेली नव्हती. तेव्हा पोहण्याला मनाई केली म्हणून बुडणे थांबत नाही. पोहणे आणि पाणी ओळखणे शिकवले, तर ते कमी होते.

आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसे पाण्यात बुडून मरतात. सरकारच्याच गुन्हे नोंदणी विभागाचे हे आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज जगभरात तीन लाखांचा आहे. २५ जुलै हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी बुडणे रोखण्याचा दिवस म्हणून २०२१ साली ठरवला. आमच्या गावात त्या दिवशी डवरणी चालू असते, कोणाला पत्ता नसतो. पण ज्या देशात हे काम खरोखर झाले तो आपल्यासारखाच आहे. बांगलादेशात खेड्यातल्या साध्या तळ्यात बांबूचे मचाण आणि कठडे उभे करून चार ते बारा वर्षांच्या मुलामुलींना पोहणे शिकवले गेले. शिकवणारे त्याच गावचे तरुण आणि तरुणी. परीक्षा साधी होती. पंचवीस मीटर पोहायचे आणि अर्धा मिनिट जागच्या जागी तरंगायचे. तिथे मुलांचे बुडणे खूप कमी झाले. त्यांना शहरातला निळ्या फरशीचा तलाव लागला नाही. बांबू लागला आणि कोणीतरी मनावर घ्यावे लागले.

पाण्यात उतरण्याआधी

आता कामाचे सांगतो. हे आम्ही दोन वर्षांत ढिवर आणि भोई मंडळींकडून, शिकलेल्या डॉक्टरांकडून आणि स्वतः पाण्यात उतरून गोळा केले आहे.

पहिले, तळ तपासा. दहा फुटी बांबू घ्या. दिवाळीच्या सुमारास नदी उतरली की गावातली चार जाणती माणसे घाटावरून पाण्यात जातील, बांबू पुढे टेकवत, पाय मागे ठेवत. प्रत्येकाच्या कमरेला दोर, दोराचे दुसरे टोक काठावरच्या माणसाच्या हातात. जेवढा भाग उतरता आणि पक्का सापडेल, तेवढ्याला चारी बाजूंनी बांबू रोवा, वर लाल चिंधी बांधा. पोहायचे ते त्या चौकटीत. पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडाशी तपासा. मधल्या काळात कोणी रेती नेली असेल, तर चौकट बदला. मागच्या वर्षीची चौकट या वर्षी चालत नाही.

दुसरे, धार मोजा. काठाने दहा मीटर म्हणजे साधारण तेरा-चौदा पावले मोजून दोन खुणा करा. वरच्या खुणेला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा पाण्यात टाका आणि घड्याळ पाहा. तो वीस सेकंदांच्या आत खालच्या खुणेला पोचला, तर पोरांनी उतरायचे नाही. दहा सेकंदांत पोचला, तर कोणीच उतरायचे नाही. सेकंदाला एक मीटर धावणाऱ्या पाण्याविरुद्ध आपल्यातला धडधाकट पोहणाराही जागचा हलत नाही. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा लोट चौपट होतो. गुडघाभर पाणी आहे म्हणून बैलगाडी घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तिसरे, पाणी चढते आहे का ते पाहा. पाण्याच्या कडेला एक दगड मांडा. दगड भिजू लागला, पाणी गढूळ झाले, फेस, काडीकचरा, पाने वाहून येऊ लागली, की आभाळ कितीही निरभ्र असो, बाहेर या. कपडे गोळा करत बसू नका.

चौथे, सूर मारू नका. चित्रपटात तो छान दिसतो. काल जिथे खोल होते, तिथे आज दगड किंवा बुडालेले लाकूड असू शकते. डोके आपटून मान मोडली, तर माणूस जगूनही आयुष्यभर खाटेवर पडतो. नदीत पायांनी चालत उतरायचे. भर उन्हातून घामाघूम होऊन आल्यावर एकदम थंड डोहात उडी घेऊ नये. पहिला श्वास जोरात आत ओढला जातो आणि त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी छातीत जाते. आधी हात, मान, तोंड भिजवा, मग उतरा.

पाचवे, काही जागा कायमच्या वर्ज्य. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खालची जागा. वरून पडणारे पाणी तिथे उलटे फिरते, माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढते. बंधाऱ्याची दारे काढलेली असतील, तर वरच्या बाजूला मोकळ्या गाळ्याकडे ओढ असते. तिथेही नको. पुलाचे खांब, पाण्यात आडवे पडलेले झाड, मासेमारीची जाळी, दोन नद्यांचा संगम, यांच्यापासून लांब. काळ्या मातीच्या काठावर ओला गाळ असतो. पाय रुतला तर ओढाताण करू नका, मागे रेलून अंग पसरा, मग एक-एक पाय सोडवा. आणि जिथे पोरे पोहतात, तिथे फवारणीचे पंप धुवायचे नाहीत.

सहावे, दारू पिऊन पाण्यात जायचे नाही. यावर भाषण लागत नाही. विसर्जनाच्या दिवशी मात्र ही गोष्ट मंडळाच्या अध्यक्षाने माणसे ओळखून सांगावी लागते. ज्याला मिरगी येते, त्याने एकट्याने पाण्यात जाऊ नये. खरे तर कोणीच एकट्याने जाऊ नये. एक पाण्यात, एक काठावर, आणि काठावरच्याच्या हातात दोर.

पोळ्याचे वेगळे सांगतो. त्या दिवसांत नदी भरलेली असते. बैल पोहू शकतो, तो घाबरत नाही. आपण मात्र कासरा मनगटाला गुंडाळून घेतो आणि बैल बुजला की त्याच्यामागे ओढले जातो. कासरा हातात धरा, गुंडाळू नका. त्याहून बरे, भरल्या नदीच्या वर्षी बैल घरच्या हौदावर धुवा. बैलाला राग येणार नाही.

धारेत सापडलेच, तर उलट पोहू नका. पाठीवर व्हा, पाय खालच्या दिशेला, तोंड वर. दगड आला तर पाय लागेल, डोके लागणार नाही. धारेबरोबर जात जात तिरपे काठाकडे सरका. शंभर हात खाली निघालात तरी चालेल. निघालात हे महत्त्वाचे.

बुडणारा ओरडत नाही

आमचा समज होता की बुडणारा माणूस आरडाओरडा करतो, हात हलवतो. तसे होत नाही. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्यात तो श्वास घेतो, ओरडायला हवा उरत नाही. हात वर होत नाहीत, पाण्यावर दाबले जातात. माणूस उभाच्या उभा असतो, डोके मागे झुकलेले, तोंड पाण्याच्या रेषेवर, आवाज नाही. काठावरच्या बाईला वाटते, पोर खेळते आहे. हे मिनिटभरही चालत नाही. म्हणून पाण्यात पोरे असली की धुणे धुता धुता मधून मधून पाहणे पुरत नाही. एक माणूस फक्त पाहायला ठेवावा लागतो, आणि जो गप्प झाला त्याला हाक मारावी लागते.

बुडणाऱ्याला वाचवायला जाणारा बुडतो, हे आमच्या गावाने पाहिले. तो दुसरा पोरगा दोस्तासाठी गेला. त्याच्या मनाला आम्ही नावे ठेवणार नाही. पण बुडणारा हाताला लागेल त्याला मिठी मारतो, त्यात जाणूनबुजून काही नसते, आणि दोघेही खाली जातात. म्हणून क्रम पाठ करून घ्या. आधी हाक मारून माणसे जमवा. मग काठी पुढे करा. काठी पुरली नाही, तर दोर फेका. दोर नसेल, तर तरंगणारे काहीही फेका. पाण्यात जायचे ते सगळ्यात शेवटी, तेही शिकलेल्याने, कमरेला दोर बांधून आणि ट्यूब किंवा डबा पुढे धरून.

तरंगणारे म्हणजे काय? झाकण घट्ट लावलेला खाण्याच्या तेलाचा रिकामा पाच लिटरचा डबा. तो पाच किलोच्या आसपास वजन तोलून धरतो आणि पाण्यातल्या माणसाचे तोंड वर राहायला तेवढे बहुतेक वेळा पुरते. डब्याला दोर बांधून ठेवला, तर दोरही लांब जातो. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब, वाळलेला भोपळा, कोरडे हलके लाकूड, सगळे चालते. औषधाचे रिकामे डबे मात्र यासाठी वापरू नका.

मायबहिणींनो, तुमच्या अंगावरचे लुगडे म्हणजे आठ मीटरचा दोर आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणावर चार तरुण पाण्यात बुडत होते. तिथे असलेल्या तीन बायांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून काढले. दोघे गेले, पण दोघे वाचले. त्या वेळी लाज आडवी आली नाही म्हणून ते दोघे आज आहेत.

बाहेर काढल्यावर

इथे आपल्याकडे फार चुका होतात. पोराला उलटे टांगून गरगर फिरवतात, पालथे घालून पोट दाबतात, मिठात पुरतात. पोटातले पाणी बाहेर आले की सगळ्यांना बरे वाटते. पण माणूस पोटातल्या पाण्याने मरत नाही, श्वास बंद पडल्याने मरतो. श्वास थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. ही मिनिटे पोट दाबण्यात जातात.

सपाट जागी उताणे निजवा. हाक मारा, हलवा. छाती वरखाली होत नसेल, तर एकाला १०८ ला फोन करायला लावा आणि तुम्ही डोके मागे झुकवून, हनुवटी उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या. छाती उचलली पाहिजे. बुडालेल्याला आधी श्वास, हे लक्षात ठेवा. असे पाच श्वास. तरीही तो हलला नाही, श्वास सुरू झाला नाही, तर छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहात ठेवून जोराने दाबा. मोठ्या माणसाला दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या लयीत. तीस वेळा दाबा, दोन श्वास द्या, पुन्हा तीस. गाडी येईपर्यंत थांबू नका, दमलात तर हात बदला. श्वास सुरू झाला, तर कुशीवर वळवून ठेवा. आणि पोर उठून बसले, चालू लागले, तरी दवाखान्यात न्याच. छातीत गेलेले पाणी काही तासांनी त्रास देऊ शकते.

हे ऐकून येत नाही, करून येते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन गावाला शिकवा म्हणून अर्ज द्या. आम्ही दिला. तीन महिने उत्तर आले नाही, मग आम्ही पंधरा जण जाऊन बसलो. आता वर्षातून एकदा येऊन शिकवतात.

शिकवायचे कोणी?

पोहणे शिकवायला परगावचा गुरू लागत नाही. आपल्या नदीकाठी ढिवर, भोई मंडळी आहेत. पाण्यात कोणी बुडाले की रात्री-अपरात्री आपण त्यांच्या दाराशी जातो. प्रेत काढून झाले की चहा पाजून परत पाठवतो. प्रेत काढायला ज्यांना बोलावतो, त्यांनाच प्रेत होऊ नये म्हणून आधी का बोलावू नये? आम्ही गेल्या हिवाळ्यापासून दोघांना बोलावतो आणि त्यांची मजुरी देतो. फुकट नाही. घामाचे दाम मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या घामाचे दाम बुडवू नये. घरामागे पन्नास रुपये काढले, बहात्तर घरांनी दिले, बांबू आणि दोरही त्यातच आला.

मुलींनाही शिकवा. सुरुवातीला आमच्याकडे एकही मुलगी आली नाही. लोक काय म्हणतील, कपड्यांचे काय. मग एका आजीने पुढाकार घेतला. ती म्हणाली, "मी लहानपणी याच नदीत पोहत होती, तवा लोक काही म्हनले नाही." सकाळची वेळ मुलींना, पंजाबी ड्रेस घालून, काठावर दोन बाया. आज अकरा मुली पोहतात. कापूस वेचायला बाई जाते, नदी ओलांडून गवताचा भारा बाई आणते. तिला पोहता येऊ नये, हे कोणाच्या सोयीचे?

शेततळ्याबद्दल एकच. २०१६ पासूनच्या योजनेत गावोगाव शेततळी झाली. पाणी उपयोगाचे आहे, पण प्लास्टिक अंथरलेल्या उतारावर पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूसही बाहेर निघू शकत नाही. भोवती कुंपण घाला आणि चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवा. खर्च दोनशे-तीनशे रुपयांचा आहे.

मेळाव्यापुढे आमचा ठराव

एक, नदीकाठच्या प्रत्येक गावाने दिवाळीनंतर आणि उन्हाळ्याआधी घाटाचा तळ तपासून चौकट आखावी. दोन, घाटावर खांबाला पन्नास हात दोर, डबा आणि लांब बांबू कायम टांगलेला असावा. तो चोरीला जाईल, असे म्हणाल. आमचा दोनदा गेला, तिसऱ्यांदा लावला, तो अजून आहे. तीन, प्रत्येक गावात पाच बायका आणि पाच पुरुष तरी श्वास द्यायला शिकलेले असावेत. चार, धरणातून पाणी सोडण्याआधी खालच्या गावांना भोंगा आणि फोन मिळाला पाहिजे, हे लेखी मागावे. पाच, घाटापासून ठरवलेल्या अंतरात रेतीला हात लावायचा नाही. बाहेरच्यानेही नाही, आपल्यानेही नाही. हा पाचवा मुद्दा आमच्या गावात मांडला तेव्हा ट्रॅक्टरवाल्या दोघांपैकी एक उठून गेला. दुसरा बसून राहिला आणि शेवटी त्याने हात वर केला.

ज्या घरी हे संकट आधीच आले, त्यांच्यासाठी एक. सरकारच्या शेतकरी अपघात योजनेत बुडून झालेला मृत्यू बसतो, वारसाला दोन लाख रुपये मिळतात. पंचनामा आणि शवविच्छेदनाचे कागद लागतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लवकर द्यावा लागतो. दुःखात बुडालेल्या माणसाला हे सुचत नाही. त्याचा अर्ज आपण भरून द्यायचा.

काठावर कासरा घेऊन उभा राहिलेला तो चौथा पोरगा आता सोळा वर्षांचा आहे. वर्षभर तो नदीकडे फिरकला नाही, कोणाशी फारसे बोललाही नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही पोरांना दोर फेकायला शिकवत होतो, तेव्हा तो लांब बाभळीखाली येऊन उभा राहिला. चौथ्या दिवशी जवळ आला. आज आमच्या घाटावर दोर फेकायला तोच शिकवतो. पाण्यात अजून उतरत नाही. आम्ही त्याला आग्रह करत नाही.

एवढे बोलून आमचा अर्धा तास संपवतो. बाहेर मांडवात दोर, डबा आणि ट्यूब ठेवली आहे. जेवणाच्या सुट्टीत येऊन प्रत्येकाने एकदा तरी दोर फेकून पाहावा. मग दुपारी कापसाच्या भावाला सगळ्यांनी बसायचे आहे.